चर्चा: ओत्तारच्या हकिकतीतले 'फिन' सामी होते, मग तसं लिहायला काय हरकत आहे?

उत्तरायण:
नवव्या शतकाच्या अखेरीस उत्तर नॉर्वेतल्या ओत्तारने इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला आपल्या मुलखाची हकिकत सांगितली. त्याची मुख्य कमाई 'फिन' लोकांच्या खंडणीची होती. त्यांच्यातल्या बड्या घरच्या माणसाने मार्टेन या लहान केसाळ प्राण्याची १५ कातडी, रेनडियरची ५, अस्वलाचं एक, पिसांची १० मापं, अस्वलाच्या किंवा पाणमांजराच्या कातड्याचा अंगरखा आणि ६० एल (लांबीचं जुनं माप) भरतील असे जहाजाचे दोन दोर द्यायचे. 'फिन' वाचलं की आपला वाचक थेट फिनलंडला पोचतो. पण जुन्या नॉर्स, म्हणजे त्या काळच्या स्कँडिनेव्हियन भाषेत फिन म्हणजे सामी, उत्तर स्कँडिनेव्हियातले मूळनिवासी. नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या फिनमार्क प्रांताचं नावही त्यातूनच आलं. मग सरळ 'सामी' लिहा. ज्यांच्याकडून खंडणी उकळली, त्यांना उकळणाऱ्यानेच दिलेलं नाव आपण का चालवायचं?

जुना कागद:
सपशेल असहमत. ओत्तार 'फिन', 'तेरफिन' आणि 'बेओर्मा' (श्वेत समुद्राकडचे लोक) अशी वेगवेगळ्या लोकांची नावं घेतो, शिवाय फिन आणि बेओर्मा जवळपास एकच भाषा बोलतात असंही सांगतो. सगळ्यांवर एकच शिक्का मारला की हा तपशील गेला. त्याही मागे जा. इ.स. ९८ च्या सुमारास रोमन इतिहासकार टॅसिटस उत्तरेकडच्या 'फेनी' लोकांबद्दल लिहितो: घोडे नाहीत, घरं नाहीत, बाणांना हाडाची टोकं, बायकाही शिकारीला जातात. हे सगळं ऐकीव. त्यांनाही सामी म्हणणार?

उत्तरायण:
टॅसिटसला हात लावू नका, हे मान्य. पण ओत्तारचा मुलूख, रेनडियर, रानटी रेनडियर पकडायला वापरायचे माणसाळलेले सहा रेनडियर, सगळं जुळतं. तिथे शंका कसली?

क्वेनवाटा:
तुम्हा दोघांच्या भांडणात क्वेन राहिलेच. स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या बोथनियाच्या आखाताकडच्या लोकांना नॉर्स मंडळी क्वेन म्हणत. अकराव्या शतकात ब्रेमेनच्या आडाम या जर्मन इतिहासकाराने त्याच मुलखात 'बायकांचा देश' दाखवला, तो बहुधा हे नाव 'बाई' अर्थाच्या नॉर्स शब्दासारखं ऐकूनच. हे लोक आजही नॉर्वेत आहेत आणि २००५ मध्ये त्यांच्या भाषेला तिथे स्वतंत्र भाषेची मान्यता मिळाली. त्यांना कुणी नुसतं 'फिनिश' म्हटलेलं मला तरी सहन होत नाही.

पायवाट:
आणि सामींसाठीच्या 'लॅप' या जुन्या शब्दाचं काय? १७५१ च्या नॉर्वे-स्वीडन सीमाकरारातल्या ज्या पुरवणीने सामींना कळप घेऊन सीमा ओलांडायचा हक्क दिला, तिच्या नावातच तो शब्द आहे.

उत्तरायण:
पुरवणीचं नाव म्हणून लिहा, माणसांसाठी नको. तो शब्द त्यांना अपमानास्पद वाटतो, एवढं कारण पुरेसं आहे.

जुना कागद:
माणसांसाठी नको, कबूल. पण जुन्या नोंदींत 'लॅप'च्या जागी डोळे झाकून 'सामी' घातलं तर अनर्थ होईल. फिनलंडच्या करनोंदीत हा शब्द अनेकदा शिकार-मासेमारीवर जगणाऱ्यासाठी यायचा. अशा नोंदींतल्या पूर्वजांच्या आधारे सामी संसदेच्या, म्हणजे फिनलंडमधल्या सामींच्या निवडून आलेल्या प्रतिनिधी संस्थेच्या, मतदारयादीत नाव मागणारे होते. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने संसदेचा विरोध डावलून ९३ जणांना यादीत घातलं. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्यात सामींच्या हक्कांचा भंग झाल्याचा निर्वाळा दिला. सामींच्या कळवळ्याने केलेला बदल त्यांच्याच विरोधकांच्या हाती पुरावा देईल.

उत्तरायण:
करनोंदींपुरतं हे पटलं, तिथे मूळ शब्द राहू द्या. ओत्तारबाबत मात्र मी हटणार नाही. त्याचं विधान शब्दशः देताना 'फिन' ठेवा. तुमच्या स्वतःच्या वाक्यात, जिथे तो १५ कातडी मोजून देणारा माणूस येतो, तिथे 'सामी'च लिहा.