रोहित (फ्लेमिंगो) वाढले म्हणून पाणी सुधारलं?

ठाणे खाडीत रोहित वाढलेत म्हणजे पाणी सुधारलंय, हे म्हणणं मला पटत नाही. छोटा रोहित नीलहरित शेवाळ गाळून खातो, आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर तेच शेवाळ फोफावतं. २०२२ साली खाडीला रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता) मिळाला तेव्हा मलाही फार आनंद झाला होता, पण पक्षी मोजून पाण्याची परीक्षा होत नाही.

आम्ही काही जण ऐरोलीच्या बाजूला होडीतून पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचो; तो कमी म्हणजे पाण्याची तब्येत बिघडलेली. जागा तीच, तरी उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीला आकडा बरा यायचा आणि भांगाच्या (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या दिवसांतल्या) ओहोटीला, त्यातही पहाटे, एकदम खाली. रात्रभर शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं. शिवाय सप्तमी-अष्टमीच्या भांगात समुद्राचं ताजं पाणी खाडीच्या वरच्या टोकाकडे कमी पोचतं. होडीवाल्या कोळी दादांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आज तिथी कोणती, ते लिवलंव का?" आम्ही फक्त तारीख लिहिली होती. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे जुन्या नोंदी आहेत, त्यांनी प्रत्येक आकड्याशेजारी वेळ आणि तिथी भरून घ्या. तारखेवरून पंचांगात तिथी आजही सापडते.