दोन शिक्षक, दोन सीट: जिल्हा रुग्णालयांना पीजीची मान्यता मिळावी का?

मांजराकाठ:
जुलै २०२५ मध्ये एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) नियम सैल केला. २२० खाटांच्या वरचं सरकारी रुग्णालय, मेडिकल कॉलेज नसलं तरी, शिक्षणसंस्था होऊ शकतं. दोन शिक्षक असले की पीजीच्या, म्हणजे एमडी-एमएसच्या, दोन सीट. सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काढलेला स्पेशालिस्ट सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. मराठवाड्याने ही संधी घ्यायलाच हवी. परभणीचं कॉलेज २०२३ चं, जालना-हिंगोलीचं २०२४ चं. तिथे अजून एमबीबीएसच्या पहिल्याच तुकड्या शिकतायत. पीजीसाठी त्यांची वाट किती वर्षं बघायची? मी जिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. रात्रीच्या सिझरला मी एकटा. मी रजेवर गेलो की बाळंतीण ॲम्ब्युलन्समध्ये, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या वाटेवर. हाताखाली दोन रेसिडेंट, म्हणजे पीजी करणारे डॉक्टर, असते तर ती वेळ आली नसती.

जुना_रेसिडेंट:
सर, तुम्ही रजेवर असताना भूल कोण देणार? पहिल्या वर्षाचा पोरगा, एकटा? तुम्हाला विद्यार्थी नकोय, माणूसबळ हवंय. मी जिथे पीजी केलं तिथे इन्स्पेक्शनच्या दिवशी कधी न दिसलेले प्राध्यापक खुर्चीत बसलेले पाहिलेत. मान्यता कागदावर टिकली, आम्ही सीनियरकडून शिकलो. इथे तर शिक्षकच दोन. एकाची बदली झाली की निम्मा विभाग गेला. तुमची बदली सार्वजनिक आरोग्य विभाग करतो, कॉलेजं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. सीट वाचवायला बदली कोण थांबवणार? आणि मेंदूची, हृदयाची शस्त्रक्रिया तुमच्याकडे होते का? तिथली भूल तो कुठे शिकणार?

वॉर्ड_नंबर_पाच:
मी स्टाफ नर्स. डीआरपीचे (जिल्हा रुग्णालयात काम करायच्या सक्तीच्या कार्यक्रमाचे) पीजी डॉक्टर आमच्याकडे तीन महिने येतात. पेशंटची पद्धत, आमची औषधं, कुठलं तालुका रुग्णालय काय पाठवतं हे कळेपर्यंत त्यांची परत जायची ऑर्डर निघते. तीन वर्षं राहिले तर लई फरक पडेल. पण रात्री एकटं सोडू नका त्यांना. घाबरलेल्या डॉक्टरशेजारी मी उभी राहिलेली आहे.

मांजराकाठ:
रजेचं वाक्य मी मागे घेतो. लिहिताना माझी ओढाताण डोळ्यांसमोर होती, विद्यार्थी नव्हता. पण मोठ्या कॉलेजात एका टेबलाभोवती चार रेसिडेंट असतात आणि सुई एकाच्या हातात असते. आमच्याकडे स्पायनल (पाठीच्या कण्यात सुईने द्यायची भूल) रोजच्या रोज असतात, शिकणारा कुणी नाही. मेंदू-हृदयासाठी घाटीत सहा महिने पाठवा. खाटा मोजून मान्यता देऊ नका. रेसिडेंटने स्वतः किती केसेस केल्या आणि त्या वेळी शिक्षक खोलीत होता का, हे दर तिमाहीला तपासा. एक शिक्षक कमी झाला की त्या वर्षीचे प्रवेश बंद.

जुना_रेसिडेंट:
लॉगबुकवर, म्हणजे केसेसच्या नोंदवहीवर, सही त्याच दोन शिक्षकांची, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात भरलेली लॉगबुकं मी पाहिलीत. प्रवेश बंद केले तरी आत अडकलेल्या दोघांचं काय? त्यांना अर्ध्या वाटेवर दुसऱ्या कॉलेजात घ्यायची हमी नियमात आहे का? तीन वर्षं बदली नाही असा लेखी आदेश आणि अंबाजोगाई किंवा नांदेडच्या मेडिकल कॉलेजशी आधीच केलेला करार, या दोन गोष्टी अर्जासोबत जोडल्या तर माझा विरोध मी मागे घेईन. नुसत्या २२० खाटांवर नाही.

मांजराकाठ:
कराराचं मान्य. उद्या सिव्हिल सर्जनसाहेबांना भेटतोय, तिथे हेच मांडतो. बदलीचा आदेश मात्र त्यांच्या हातात नाही.