ऑफिसातले कागदी कप बंद झाले. आता चहाचे मग धुणार कोण?

कोथरूडकर

आमचं ऑफिस खराडीला, माणसं साधारण 300. गेल्या महिन्यात दोन गोष्टी झाल्या. टेबलाखालच्या कचऱ्याच्या बादल्या गेल्या आणि चहाच्या मशीनजवळचे कागदी कप गेले. आता पँट्रीजवळ ओल्या-सुक्याचे वेगळे डबे आहेत आणि 'चहाचा मग घरून आणा' असा मेल आलाय. त्यावरून जी काही कुरकुर चाललीय, जणू पगारच कापलाय!

माझ्या मते निर्णय बरोबर आहे, उलट उशिरा झाला. कागदी कप नुसत्या कागदाचा नसतोच. आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा गळत नाही. त्याच थरामुळे भंगारवाला त्याला हात लावत नाही. महाराष्ट्राने जुलै 2022 मध्ये असे थर दिलेले कप-प्लेटही बंदीत घातले होते. नंतर कंपोस्ट होणाऱ्या मालाला सूट मिळाली आणि लगेच खोक्यांवर 'कंपोस्टेबल' असं छापून यायला लागलं. शिवाय खरगपूर आयआयटीचा अभ्यास आहे: अशा कपात गरम पाणी 15 मिनिटं ठेवलं तर 100 मिलीमागे सुमारे 25,000 सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात.

विरोध असेल तर कारणासकट लिहा. 'आम्हाला सवय नाही' हे कारण नव्हे.

चहाबाज

15 मिनिटं? मशीनचा चहा 15 मिनिटं कपात ठेवणारा माणूस आधी दाखवा.

आता कारण. तुमच्या 300 माणसांसाठी बेसिन किती? आमच्याकडे मजल्याला एक. चार वाजता तिथे अशी रांग लागते की चहापेक्षा मग विसळायला जास्त वेळ जातो. आणि नळाला येतं ते टँकरचं पाणी, मार्चपासूनच. कप वाचवून पाणी उडवायचं ही कसली बचत? बादल्या काढल्यावर आमच्याकडे हाउसकीपिंगची माणसंही कमी झाली, हे मेलमध्ये कुणी लिहिलं नव्हतं. खर्चकपात करायची आणि तिला हिरवा रंग फासायचा!

अ‍ॅडमिनवाली

माणसं कमी केली असतील तर ते चूकच. पण बादल्यांचं गणित माझ्या टेबलावरून सांगते. प्रत्येक बादलीला एक काळी पिशवी, ती रोज बदलायची, आत एक टिश्यू असला तरी. म्हणजे 300 टेबलं असतील तर रोज 300 पिशव्या, निव्वळ कचरा नेण्यासाठी विकत घेतलेला कचरा. त्यात कुणी केळ्याची साल टाकतो, कुणी उरलेला चहा ओततो, की वरचे चांगले ए-फोर कागदही गेले.

नदीकाठ

शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मी कचरावेचकांच्या संघटनेसोबत थोडंफार काम केलंय. पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे आणि 2008 पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेसोबत दारोदार कचरा गोळा करते. तिथल्या कोणत्याही ताईंना विचारा, ऑफिसच्या कचऱ्यात पैसा कशाला आहे. पांढऱ्या कोरड्या कागदाला चांगला भाव, पुठ्ठ्याला त्याखालोखाल. तोच कागद मशीनमधून बारीक चिरून दिला की भाव पडतो, कारण तंतू तुटतात. वेफर्सची चकचकीत पाकिटं कुणालाच नको असतात. आणि चहाने भिजलेली रद्दी म्हणजे ओझं.

चहाबाज, तुमच्या टँकरचा त्रास खरा आहे. पण पुण्याचा कचरा जिथे नेऊन टाकला जायचा ती फुरसुंगी खराडीहून काही लांब नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या का अडवल्या होत्या, तेही एकदा आठवा. त्यांच्या विहिरींच्या पाण्याचा हिशोब कुठे धरायचा?

सीए_साहेब

सगळे कपात बुडालेत. वजन करा हो, वजन! ऑफिसच्या कचऱ्यात सगळ्यात जड काय असतं? कॅन्टीनचं उरलेलं अन्न. 2016 च्या घनकचरा नियमांत दिवसाला 100 किलोच्या वर कचरा काढणाऱ्यांना वेगळ्या जबाबदाऱ्या होत्या. मुंबई महापालिकेने तर अशा मोठ्या संकुलांना 2 ऑक्टोबर 2017 पासून ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. तेव्हा केवढा आरडाओरडा झाला होता! आमच्या टॉवरमध्ये कंपोस्टचं यंत्र आलं, उद्घाटन झालं, फोटो निघाले. आता त्याच्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवतात.

भात ताटात किती वाढायचा हे ठरवलंत तर सगळ्या मगांनी मिळून होणार नाही इतका कचरा कमी होईल. पण भातावर पोस्टर लावता येत नाही ना.

सरकारी_बाबू

आमच्याकडे ई-ऑफिस आहे. फाईल संगणकावर मंजूर होते आणि मग साहेब म्हणतात, "एक प्रिंट काढून ठेवा, ऑडिटला लागेल." ती प्रिंट फाईलला, तिची झेरॉक्स संकलनाला, म्हणजे तो विषय बघणाऱ्या टेबलाला. पाठकोरे कागद वापरा असं परिपत्रक आलं होतं, ते एकाच बाजूला छापलेलं होतं. पुढे चालू द्या.

चहाबाज

सीए_साहेबांशी चक्क सहमत.

नदीकाठ, विहिरींचं मान्य. पण मूळ प्रश्नाला कुणीच हात घातला नाही. मग कोण धुतं? मेलमध्ये लिहिलंय 'आपला मग आपण धुवावा'. प्रत्यक्षात संध्याकाळी बेसिनमध्ये मगांचा ढीग असतो आणि तो मावशी धुतात. त्यांच्या करारात हे काम नाही, त्याचे पैसे नाहीत. त्यावर मॅनेजर लोकांचे मग सगळ्यात जाड आणि आतून सगळ्यात काळे. कागदी कपात निदान एक होतं, कुणाचं उष्टं कुणाला धुवावं लागत नव्हतं. तुमचं पर्यावरण मावशींच्या हातांवर चाललंय.

कोथरूडकर

हे आमच्याकडेही होतंय, नाकारत नाही. पण त्यासाठी कागदी कप परत आणायचे? उष्टा कप उचलणं, पिशवी बांधणं, खाली नेणं हे तेव्हाही मावशीच करत होत्या. फक्त ते आपल्याला दिसत नव्हतं.

चहाबाज

पिशवी उचलणं आणि उष्टं धुणं यातला फरक तुम्हाला कळत नसेल तर वाद संपला.

नदीकाठ

संपू नये. फरक आहेच, आणि कचरावेचकांना तो आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून तर त्या वर्गीकरणाचा आग्रह धरतात. मिसळलेल्या पिशवीत हात घालावा लागतो तो त्यांनाच. सॅनिटरी पॅड, फुटलेली काच, सगळं एकत्र.

अ‍ॅडमिनवाली

आम्ही काय केलं ते सांगते, पटलं तर घ्या. घरून मग आणायची भानगड नाही. ऑफिसचेच स्टीलचे कप घेतले. कॅन्टीनच्या ठेकेदाराकडे ताटं धुण्याचं यंत्र होतंच, त्याच फेरीत कपांचे ट्रे जातात. करार नव्याने केला, कपांचे पैसे त्यात धरले. मावशींचा संबंध नाही. पहिल्या महिन्यात बरेच कप गायब झाले, लोकांनी घरी नेले असावेत. रद्दीचे पैसे हाउसकीपिंगच्या लोकांत वाटले जातात, त्यामुळे सुका डबा आता तेच डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. जुने लॅपटॉप आणि बॅटऱ्या मात्र भंगारात देऊ नका, नोंदणीकृत ई-कचरावाल्यालाच द्या आणि पावती घ्या.

सीए_साहेब

ठेकेदाराने दर किती वाढवला? आकडा सांगा, मग बोलू.

चहाबाज

स्टीलचे कप चालतील. पण किती मिलीचे ते आधी ठरवा. सध्याच्या कागदी कपात तीन घोट येतात, म्हणून तर माणूस दिवसाला सहा कप वापरतो.