शब्दचर्चा: बिचारा, कैवारी आणि धारेवर धरणारा

प्रश्न: पुण्यात समुपदेशनाचा कोर्स करतेय. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ स्टीफन कार्पमन यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या ‘ड्रामा ट्रँगल’वर, म्हणजे भांडणात माणसं नकळत घेतात त्या तीन भूमिकांच्या त्रिकोणावर, मराठीत टिपण लिहायचंय. त्यातल्या व्हिक्टिम, रेस्क्यूअर, पर्सिक्यूटर यांना पीडित, तारणहार, छळकर्ता म्हटलं तर चालेल?

उत्तर: ‘पीडित’ कृपा करून नको. ज्याच्यावर खरोखर अन्याय झालाय त्याच्यासाठी तो शब्द राहू द्या. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘ही तुझी भूमिका आहे’ असं सुचवणंही क्रूर आहे. कार्पमन बोलतात ते ‘माझं कुणी ऐकतच नाही’ म्हणत हातपाय गाळून बसण्याबद्दल. त्याला ‘बिचारा’ नेमका बसतो, ‘बिचारेपणा’ असं नामही मिळतं. रेस्क्यूअरला ‘कैवारी’. ‘छळकर्ता’ म्हटलं की हुंड्याची केस आठवते. रोजच्या भांडणात माणूस धारेवर धरतो, तेच म्हणा.

कोथरूडमधलं एखादं घर घ्या. रात्रीचे साडेआठ. सासूबाई म्हणतात, “अजून कुकर लागला नाही?” सून हिंजवडीहून नुकतीच आलेली, डोळ्यांत पाणी. मुलगा उसळतो, “आई, तू जरा गप्प बस!” सुनेचा कैवार घेता घेता त्यानं आईलाच धारेवर धरलं. आई पदर डोळ्यांना लावते, “मी कोण बोलणारी या घरात!” लगेच सून, “आईंशी असं बोलतात का?” आणि मुलगा, “करा काहीही, वाईट शेवटी मीच!” पाच वाक्यांत तिघांच्या जागा बदलल्या. कार्पमन यांच्या मते खरं नाट्य या अदलाबदलीतच असतं. कुकर अजून ओट्यावरच.

शंका: पण ‘दीनांचा कैवारी’ ही स्तुती आहे ना?

उत्तर: आहे, म्हणूनच तो शब्द हवा. ही भूमिका बाहेरून चांगलीच दिसते, त्यामुळे ओळखायला सगळ्यांत अवघड. कार्पमन यांनी त्रिकोण उलटा काढलाय: धारेवर धरणारा आणि कैवारी दोघंही वर, बिचारा खालच्या टोकाला. कैवार न विचारता घेतला जातो आणि समोरच्याला काही जमणार नाही असं धरून चालतो. “मी बोलू का आईशी, की तू बोलतेस?” असं मुलानं बायकोला विचारलं असतं तर ती मदत झाली असती.

टिपणात ‘तो कैवारी आहे’ असं मात्र लिहू नका. ‘कैवाऱ्याच्या भूमिकेत शिरला’ असं लिहा.