जुन्या स्नोमोबाईलचं इंजिन सारखं फ्लड होतंय (आत जास्तीचं पेट्रोल साचतंय)

मिनेसोटात आहे. १९९०च्या दशकातली टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, प्रत्येकाला एक मिकुनी व्हीएम कार्ब (कार्ब्युरेटर, हवा-पेट्रोल मिसळणारा भाग). रात्रभर उभी राहिली की सकाळी दोन्ही प्लग ओले, उजवा तर पेट्रोलने निथळतो. नवे प्लग घालूनही तेच.

उत्तर १
आधी साचलेलं पेट्रोल काढा. टाकीचा कॉक बंद, किल-स्विच (इंजिन बंद करणारं बटण) 'ऑफ'वर, चोक बंद, दोन्ही प्लग बाहेर. थ्रॉटल पूर्ण दाबून दोरी १०-१५ वेळा ओढा. भोकांवर फडकं धरा, प्लगच्या वायरी भोकांपासून लांब ठेवा. ठिणगीने वाफ पेटते. दोरी अडली तर जोर लावू नका, क्रँककेस (पिस्टनखालची पोकळी) पेट्रोलने भरलेली असेल, कनेक्टिंग रॉड वाकेल.

उत्तर २
एकच सिलिंडर जास्त ओला, म्हणून माझा संशय फ्युएल पंपावर. क्रँककेसकडून येणारी पल्स नळी (तिथल्या दाबाच्या चढउतारावर पंप चालतो) पंपावरून काढा. आत पेट्रोल असेल तर डायाफ्राम (पंपातला लवचिक पडदा) फाटलाय आणि पेट्रोल थेट त्या सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये जातंय. पंपाचं किट बदला. नळी कोरडी निघाली तर उजव्या कार्बची नीडल (फ्लोट, म्हणजे तरंगणारा गोळा, वर आला की पेट्रोल अडवणारी सुई) पाहा: टोकाला गोल चर दिसला की नीडल आणि ती जिथे बसते ती सीट जोडीनेच बदला. कार्ब उलटा धरल्यावर फ्लोटचा हात गॅस्केटच्या कडेला समांतर हवा.

उत्तर ३
चोकची केबलही तपासा. लिव्हर बंद असताना थोडी ढिली हवी, नाहीतर चोकचा प्लंजर (जादा पेट्रोलची वाट उघडणारा दट्ट्या) अर्धवट उचललेला राहतो. आणि गाडी उभी केली की कॉक बंद, पंप दुरुस्त झाला तरी.