‘इंडिकेटर’ला सूचक म्हणावं की निर्देशांक? आणि ‘असताना’चा प्रश्न

प्रश्न (खानापूर): आमच्या शेअर ट्रेडिंगच्या गटात इंडिकेटरला (भावांवरून काढलेलं, खरेदी-विक्रीचा इशारा देणारं माप) कोणी निर्देशक म्हणतं, कोणी निर्देशांक. दोन-तीन इंडिकेटर जोडून आपोआप ऑर्डर टाकणारा प्रोग्राम लिहायचाय, नियम आधी मराठीत मांडतोय. कुठला शब्द घ्यावा?

उत्तर (शहापूर, बेळगाव): निर्देशांक नको. निर्देशांक म्हणजे सेन्सेक्स, निफ्टी. घोळ आरएसआयमुळे (रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स) होतो, कारण त्याच्या नावातच ‘इंडेक्स’ आहे. पण १९७८ साली वेल्स वाइल्डर यांनी मांडलेलं ते एकाच शेअरच्या चढउतारांचं माप आहे, ० ते १०० मधलं, बहुधा १४ दिवसांवर काढलेलं. मी ‘सूचक’ म्हणतो. कन्नडमध्येही इंडिकेटर म्हणजे सूचक आणि इंडेक्स म्हणजे सूच्यंक, त्यामुळे आपल्याकडे दोन्ही भाषांत बोलणं अडत नाही.

पण खरं सांभाळायचं ते क्रियापद बघा. ‘आरएसआय ३०च्या खाली असताना घे’ असं लिहिलंत, तर तो खाली राहील तोवर प्रत्येक कँडलला (चार्टवरची ठरावीक वेळेच्या भावाची एक पट्टी) प्रोग्राम खरेदी करत सुटेल. ‘३०च्या खालून वर आला की घे’ म्हटलं की ऑर्डर त्या ओलांडण्यापुरती एकदाच जाते. पहिली स्थिती, दुसरी घटना. दोन्ही सूचकांना ‘आला की’ लावून मध्ये ‘आणि’ घातलात, तर दोन घटना नेमक्या एकाच कँडलवर क्वचितच जुळतील आणि सिस्टिम गप्प बसेल. म्हणून एक स्थिती, एक घटना: ‘भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असताना, आरएसआय ३०च्या खालून वर आला की खरेदी.’

प्रश्नकर्ता: हे लगेच बदलतो. आरएसआयच्या पुष्टीला स्टोकॅस्टिक आणि विल्यम्स आर हे सूचक घेतलेत (बंद भाव गेल्या काही दिवसांच्या उच्चांक-नीचांकात कुठे आहे ते सांगणारे), ते ठेवू ना?

उत्तर (निपाणी): त्याला ‘पुष्टी’ म्हणू नये, ती पुनरुक्ती झाली. तेवढ्याच दिवसांच्या मूळ स्टोकॅस्टिकमधून १०० वजा केले की विल्यम्स आर मिळतो. दोन्ही तेच सांगणार. आरएसआयही बंद भावावरूनच निघतो, म्हणजे तोही फार दूरचा नाही. पुष्टीला उलाढाल घ्या, किंवा एडीएक्स, जो कल किती जोरात आहे ते सांगतो. प्रोग्राम जुन्या भावांवर चालवून तपासताना एकेक सूचक काढून बघा. सौदे जवळपास तेच राहिले तर तो सूचक वगळा.