पाढ्यांसाठी ॲप: आधी घड्याळ बंद करा

घरीच शिकणाऱ्या मुलांच्या पाढ्यांसाठी कुठलं ॲप घ्यावं, असं विचारलंय. आम्ही लेकीसाठी अँकी वापरतो, म्हणजे एका बाजूला प्रश्न आणि पालटल्यावर उत्तर अशी कार्डं दाखवणारं ॲप. अँड्रॉइडवर फुकट आहे. चुकलेलं कार्ड लगेच परत येतं, जमलेलं काही दिवसांनी, त्यामुळे वेळ नेमका अडलेल्या ठिकाणीच जातो. दहापर्यंतचे गुणाकार १०० दिसतात खरे, पण ७×८ आणि ८×७ एकच धरले की ५५ उरतात. बे, पाच, दहाचे पाढे येत असतील तर आणखी कमी. रोज पाचच नवीन कार्डं. घड्याळ लावलेले खेळ मात्र काढून टाकले, ती अगदी रडकुंडीला यायची. आता कार्ड पालटण्याआधी ‘सात आठे छप्पन्न’ मोठ्याने म्हणते. नुसतं बटण दाबायची तेव्हा कागदावर हमखास अडायची.